स्वच्छतेचे चित्र आणि बक्षिसाची स्पर्धा

गांधी जयंती जवळ आली की शाळाशाळांतून स्वच्छतेच्या चित्रकला स्पर्धा भरतात. विषय ठरलेला असतो आणि चित्रही ठरलेलेच असते: हिरवी टेकडी, कचऱ्याची पेटी आणि तिच्याकडे बोट दाखविणारी हसरी मुले. त्याच सुमारास ‘टाकाऊतून टिकाऊ’ वस्तूंचे प्रदर्शन होते. त्यासाठी चकचकीत कागद, टिकल्या आणि डिंकाच्या बाटल्या दुकानातून नव्याने विकत आणल्या जातात आणि प्रदर्शन संपताच ही टिकाऊ निर्मिती शाळेमागच्या उकिरड्यावर जाऊन पडते.

शिक्षकांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्याचे निदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिले आणि २००३ साली त्यांच्या अंमलबजावणीचा पुन्हा आग्रह धरला. त्यानुसार विषय आला, पुस्तके आली, गुणही आले. तथापि उत्तरपत्रिकेत पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी शाळा सुटताच वेफर्सचे पाकीट रस्त्यावर टाकतो. याचे कारण त्याच्या अज्ञानात शोधणे व्यर्थ आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता हे कारण उघड आहे. पाकीट टाकणाऱ्याचे श्रम वाचतात. त्याची किंमत मात्र साऱ्या गावात विभागली जाते. सामाईक मालमत्ता या न्यायाने उद्ध्वस्त होते, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कुरणे, मासेमारी व सिंचन यांच्या अभ्यासातून दाखविले की, वापरणारे लोक एकत्र येऊन नियम करतात आणि परस्परांवर लक्ष ठेवतात, तेथे हा विनाश टळू शकतो. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्वच्छता हा असा सामाईक व्यवहार असताना पहिल्या क्रमांकासाठी एकेकट्या मुलाची स्पर्धा लावणे विसंगत नव्हे काय?

या स्पर्धेऐवजी प्रत्येक वर्गाला एक भिंत द्यावी. वर्गाने आठवडाभर आपल्या आवारातील सुका कचरा गोळा करावा, धुवावा, निवडावा, मोजावा आणि त्यातून सर्वांनी मिळून एकच चित्र उभारावे. चंदीगडचे नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, फरशा व चिनी मातीचे तुकडे यांतून उभारलेले रॉक गार्डन १९७६ पासून लोकांसाठी खुले आहे. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात, बँडन येथे २०१० पासून स्वयंसेवक किनाऱ्यावरील प्लॅस्टिक धुऊन, निवडून त्याचे प्रचंड जलचर घडवितात. अशा कामात खरा धडा निवडण्यातच मिळतो. भंगारवाला बाटली घेतो, पण वेफर्सचे पाकीट घेत नाही, कारण त्यात एकमेकांना चिकटविलेले थर वेगळे करणे परवडत नाही, हे मुलाला हाताने कळते. चित्रात एकच रंग का माजला, हे त्याला सांगावे लागत नाही.

यावर आक्षेप येतील. काचा, सुया यांचा धोका खरा आहे. हातमोजे आणि मोठ्यांची देखरेख हवीच. वेळेचा प्रश्न चित्रकला, कार्यानुभव व गणित यांच्या तासांची सांगड घालून सुटू शकेल. याहून गंभीर आक्षेप असा की, पाकिटे बनविणारे मोकळे राहतात आणि भार मुलांवर पडतो. २०१६ च्या नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहेच. मुलांनी केलेली मोजदाद ही त्या जबाबदारीची भिंतीवरील साक्ष ठरेल.

मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. ज्यांच्या कष्टावर शहर स्वच्छ राहते, त्यांना या उपक्रमातून वगळू नये. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. अशा एखाद्या बाईंना निवडणीचे शास्त्र शिकविण्यासाठी सन्मानाने वर्गात बोलवावे. गाडगेबाबा दिवसा गावात झाडू मारीत आणि रात्री कीर्तन करीत. हा क्रम शाळांनीही विसरू नये.

या चित्राला क्रमांक नको. पुढील वर्षी तेच काम पुन्हा करावे. ज्या वर्षी भिंत भरण्यास कचरा अपुरा पडेल, त्या वर्षी शिक्षण सफल झाले असे खुशाल समजावे.