दिवाळीची सुट्टी आणि "अजून बोलत नाही का हो?"

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असते, पण घरात दीड-दोन वर्षांचं मूल असेल तर त्याची परीक्षा वसुबारसेलाच सुरू होते. ती भाऊबीजेपर्यंत चालते. परीक्षक म्हणजे आजी, काकू, मावशी आणि शेजारच्या वहिनी. प्रश्नही ठरलेले. "अजून चालत नाही?" "बोलत कसा नाही?" "आमची तर या वयात गाणी म्हणायची!"

या परीक्षेत मीही एकदा परीक्षक होते, आणि माझा निकाल चुकला. ते आधी सांगते.

माझा भाचा तेव्हा वीस महिन्यांचा होता. गणपतीत आम्ही सगळे साताऱ्याजवळच्या गावी जमलो होतो. वहिनी हळूच म्हणाली, "ताई, हा एकही शब्द बोलत नाही. हाक मारली तरी बघत नाही कधी कधी." मी मोदकाची पारी करत होते. मान वरही न करता म्हटलं, "बोलेल गं. मुलगे उशिराच बोलतात. दादा तरी कुठे लवकर बोलला होता?" मी शिक्षिका, त्यामुळे माझा शब्द शेवटचा ठरला. वहिनी गप्प बसली.

दिवाळीत पुन्हा भेटलो. तो अंगणात किल्ल्याच्या मातीत खेळत होता. मी पाठीमागून तीनदा हाक मारली. वळला नाही. समोर जाऊन हात पसरले तर हसत धावत आला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तपासणीत कळलं की वारंवार सर्दी होऊन दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. त्याला आमचं बोलणं नीट ऐकूच येत नव्हतं, मग तो बोलणार कसा? उपचार झाले, ऐकू येऊ लागलं, हळूहळू शब्दही आले. पण गणपती ते दिवाळी हे दोन महिने माझ्यामुळे वाया गेले. त्या वयात दोन महिने थोडे नसतात.

म्हणून मला वाटतं, सणाला जमलेली माणसं दोन चुका करतात. एक, तुलना. दुसरी, सरसकट दिलासा. तुलनेबद्दल आपण बरंच बोलतो. दिलाशाबद्दल कुणी बोलत नाही, कारण तो प्रेमाने दिलेला असतो.

तुलना का चुकीची, ते आकड्यांत बघा. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भारतातली मुलंही होती. आधाराशिवाय चालण्याचं वय साधारण आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं आढळलं. काही मुलं तर हातागुडघ्यांवर न रांगताच चालू लागली. म्हणजे काकूंची नात दहाव्या महिन्यात चालली आणि तुमचं बाळ पंधराव्या महिन्यात, तर दोघंही ठीक आहेत.

बोलण्याचंही तसंच. वर्षाच्या आसपास एखादा अर्थपूर्ण शब्द, दोन वर्षांच्या सुमारास "पाणी दे", "बाबा आले" अशी दोन शब्दांची जोडणी, असा साधारण क्रम असतो. पाहुण्यांसमोर पाठ केलेलं बडबडगीत म्हणणं म्हणजे भाषेची प्रगती नव्हे. तहान लागल्यावर "पाणी दे" म्हणणं ही खरी भाषा.

पण पुढची लक्षणं दिसली तर "बोलेल हो" म्हणून सोडून देऊ नका:

- नावाने हाक मारल्यावर वारंवार प्रतिसाद नाही
- दीड वर्ष झालं तरी बोट दाखवून काही मागत किंवा दाखवत नाही
- दीड वर्षानंतरही आधाराशिवाय चालत नाही
- दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नाही
- आधी येत असलेलं बोलणं किंवा कौशल्य थांबलं (हे कुठल्याही वयात)

यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे दोष आहेच असं नाही. पण तपासणी व्हायला हवी, आणि बोलत नसेल तर आधी कानांची. बाळाच्या माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे छापलेले असतात. आपण ते लसीच्या तारखांपुरतंच उघडतो. अंगणवाडी सेविकेशी बोला, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत मुलं तपासतात आणि गरज असल्यास पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. तपासणीच्या दिवशी "आज राहू दे" म्हणू नका.

आणि हो, सणात मूल वेगळं वागतं हेही लक्षात घ्या. नवीन घर, वीस माणसं, फटाक्यांचा आवाज, मोडलेली झोप. अशा वेळी ते आईला चिकटून बसलं, मामाकडे जायला रडलं, तर त्याला 'माणूसघाणं' ठरवू नका. ओळखीचं माणूस कोण हे त्याला कळतंय, ही वाढीचीच खूण आहे. बळेबळे कडेवर घेऊ नका, शेजारी बसा. ते आपणहून येईल.

फराळाच्या गडबडीत मूल शांत बसावं म्हणून हातात मोबाईल दिला जातो. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला तो नकोच. त्यापेक्षा शंकरपाळ्याच्या पिठाचा गोळा द्या. किल्ल्याची माती कालवू द्या. रिकाम्या डब्यांना झाकणं लावू द्या. बोटांना काम मिळतं, आणि तुम्ही शेजारी बोलत राहिलात तर शब्दही मिळतात. फक्त चिवड्यातले शेंगदाणे त्याच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात.

शिक्षक मित्रांनो, हे आपलंही काम आहे. पहिलीत 'लक्ष देत नाही' असा शेरा मिळालेलं मूल कदाचित दुसऱ्या वर्षापासून नीट ऐकतच नसेल. आणि गावात, नात्यात आपला शब्द मानला जातो. म्हणून तो जपून वापरायला हवा.

या दिवाळीत कुणाच्या घरी लहान मूल दिसलं तर "बोलतो का?" असं चारचौघांत विचारू नका. त्याच्या आईला बाजूला घेऊन विचारा, "तुला काही काळजी वाटते का गं?" आणि ती बोलेल ते हातातलं काम थांबवून ऐका. माझ्या वहिनीला ते आधीच कळलं होतं. ऐकायचं मीच राहिले होते.