शेवटच्या बाकावर कोण बसणार?

आपल्याकडे घरात मोठी गाडी घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न येतो तो, "किती माणसे बसतात?" दुसरा, "लिटरला किती जाते?" आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, "विकायला काढली तर काय येईल?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्याने तिसऱ्याबद्दल तर मला विशेष आदर आहे. पण शेवटच्या बाकावर कोण बसणार, हा प्रश्न कुणी विचारलेला मी अजून ऐकला नाही. गाडी पसंत करायला जातात ते घरातले कर्ते पुरुष. ते पुढच्या दोन आसनांवर बसतात, चाक फिरवतात, दार आपटून आवाज ऐकतात आणि बयाणा देऊन येतात. मागच्या बाकावर पुढची दहा वर्षे बसतात ती मुले, आणि लग्नकार्याला निघताना एखादी मावशी, जिला "तुम्हाला मागे चालेल ना?" असे विचारले जाते आणि जी नेहमी "चालेल" म्हणते.

हा विषय सुचला तो बालाघाटमुळे. माझे मामा तिथे असतात. बालाघाट मध्य प्रदेशात असले तरी वैनगंगेच्या काठचे, गोंदियापासून चाळीसेक किलोमीटरवरचे गाव. बाजार, मोठा दवाखाना, सोयरीक यांसाठी ते निम्मे महाराष्ट्राकडे तोंड करून बसलेले असते. घरी आजी-आजोबा, मामा-मामी आणि तीन मुले, अशी सात माणसे आणि एक किराणा दुकान. मामांना गोंदियात एक जुनी सात आसनी ईको स्वस्तात मिळत होती, मामींचे मन अर्टिगावर होते, आणि मोठ्या मुलाने ट्रायबरचे चित्र भिंतीला लावले होते. मामा फोनवर म्हणाले, "तू कॉमर्सची ना? मग हिशेब करून सांग."

तेव्हा आधी हिशेब. समजा, पाच आसनी गाडीपेक्षा सात आसनी गाडीला तीन लाख रुपये जास्त पडतात. त्या तीन लाखांवर नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याज सत्तावीस हजार. पंधरा टक्के घसारा धरला तर पंचेचाळीस हजार. म्हणजे मागच्या दोन खुर्च्यांचे पहिल्या वर्षाचे भाडे झाले बहात्तर हजार रुपये. भाड्याच्या मोठ्या गाडीला तेल वगळून दिवसाला चार हजार पडतात असे धरा, तर हेच पैसे अठरा दिवसांना पुरतात. याचा अर्थ, सातही माणसे वर्षातून अठरा दिवसांहून अधिक एकत्र बाहेर पडत असतील तरच तिसरी रांग विकत घेण्यात राम आहे. मामांनी बोटे मोजली: दोन-तीन लग्ने, दिवाळी, देवदर्शन, एकदा बैहरकडून मुक्कीला जाऊन कान्हाचे जंगल. अकरा दिवस भरले. "आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचे झाले तर?" असे त्यांनी विचारले. पण तेव्हा रोगी आणि दोन माणसे जातात, सात जात नाहीत.

येथे हिशेब संपला असता, पण दुकान आड आले. गोंदियाहून आठवड्याला माल आणायचा असतो, आणि मोकळी केलेली तिसरी रांग म्हणजे मालाची जागा. मामांचा प्रश्न खरा अवघड आहे तो इथे, आणि ईकोकडे त्यांचे मन का ओढते तेही इथेच कळते.

ही जात आपल्या देशात जुनी आहे. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, पुढे तिचेच नाव ओम्नी झाले. ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या आसनाखाली, सरकते दरवाजे, सपाट तोंड. शाळेची मुले, रुग्ण, केळीचे घड, बँडवाले, सारे तिने वाहिले. (हिंदी चित्रपटांतल्या गुंडांनीही नायिकेला पळवण्यासाठी दुसरी गाडी क्वचितच वापरली.) गल्लीत सरकत्या दारासारखे सोयीचे दार नाही, आणि कुठल्याही झाडाखालचा मिस्त्री ती दुरुस्त करू शकतो. पण नाकच नसलेल्या गाडीत समोरून धक्का बसला तर चालकाचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये पत्र्याशिवाय काही उरत नाही. सुरक्षेचे नवे नियम आले आणि २०१९ मध्ये ओम्नी बंद झाली. २०१० साली आलेली ईको तिची धाकटी बहीण. तिला थोडे नाक आहे, पण २०१६ साली ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली ईको आपटून पाहिली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. २०२५ मध्ये कंपनीने तिला सहा एअरबॅग दिल्या, हे चांगलेच झाले. पण मामांना मिळत होती ती जुनी होती, एअरबॅग सक्तीची होण्याआधीची. दुकानाच्या पोत्यांसाठी ती उत्तम आहे. तीत आजीला आणि तीन मुलांना बसवू नये, असे मी सरळ सांगितले. स्वस्त आहे म्हणून घ्यावी अशी ती वस्तू नव्हे.

ट्रायबर २०१९ ची. तिची लांबी ३९९० मिलिमीटर आहे. हा आकडा अभियंत्याने काढलेला नाही, तो करखात्याने काढला आहे. चार मीटरच्या आत आणि बाराशे सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असेल तर कर कमी, ही सवलत २००६ च्या अंदाजपत्रकापासून चालत आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, तर चार मीटरहून लांब असलेल्या अर्टिगावर ४० टक्के. सात माणसे तीच, कर मात्र दुपटीहून अधिक. त्यामुळे कारखानदार गाडीची शेपटी कापतो, आणि कापली जाते ती शेवटच्या बाकामागची जागा. सातही आसने उभी असताना ट्रायबरमध्ये सामानाला ८४ लिटर जागा उरते, म्हणजे पाण्याचे वीस लिटरी चार जार. अर्टिगात २०९ लिटर, म्हणजे दहा जार. सात माणसे लग्नाला निघाली तर चार जारांच्या जागेत सात जणांचे कपडे मावत नाहीत, मग बॅगा मांडीवर येतात, आणि त्याही मागच्या बाकावरच्याच मांडीवर. "अंथरूण पाहून पाय पसरावेत" असे आपण म्हणतो, आपल्या कन्नड विभागातल्या मैत्रिणी "हासिगे इद्दष्टु कालु चाचु" म्हणतात. दोन्ही भाषांनी हे खर्चाबद्दल सांगितले, पण तिसऱ्या रांगेत ते शब्दशः खरे ठरते.

तरीही ट्रायबरची एक गोष्ट मला फार आवडली. तिची मागची दोन आसने उचलून घरी ठेवता येतात, आणि मग ६२५ लिटर जागा मोकळी होते. वर्षातून अकरा दिवस माणसे आणि बाकीचे दिवस साखरेची पोती, हे गणित तिला जमते. उणीव इंजिनाची: ९९९ सीसी, तीन सिलिंडर. सात माणसे भरून बैहरचा घाट चढताना ते दमणार. अर्टिगाचे १४६२ सीसीचे इंजिन दमत नाही. मात्र सीएनजीची घेतली तर टाकी डिकीत बसते आणि ते दहा जार जातात कुठे, हे विक्रेता आपणहून सांगत नाही.

आता ताऱ्यांविषयी. ग्लोबल एनकॅपने अर्टिगाला २०१९ मध्ये तीन तारे दिले. २०२४ मध्ये आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या, आपल्याच देशात बनलेल्या अर्टिगाला नव्या कडक नियमांखाली एकच मिळाला. ट्रायबरला २०२१ मध्ये चार मिळाले, तेही जुन्या नियमांनी. म्हणून ताऱ्यांबरोबर साल विचारावे. आणि मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट ही, की समोरून आपटण्याच्या या परीक्षेत पुतळे बसवतात ते पुढच्या आसनांवर, आणि मुलांचे पुतळे मधल्या रांगेत. तिसऱ्या रांगेत कुणीच नसते. जिथे आपण मुले बसवतो त्या जागेचा निकाल लागतच नाही. मागून ट्रक आला तर त्या मुलांच्या डोक्यामागे काच आणि वीतभर मोकळी जागा, एवढेच. निदान पट्टे तरी लावावेत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अंत झाला तेव्हा गाडी साधीसुधी नव्हती, मागच्यांनी पट्टे लावले नव्हते. तेव्हापासून चार दिवस सगळे पट्ट्याविषयी बोलले आणि पुन्हा विसरले.

मामांना मी एवढेच सुचवले, की पसंती करायला मामींना आणि आजीला न्या, आणि दोघींना शेवटच्या बाकावर बसवून अर्धा तास, शक्य तर घाटाच्या रस्त्याने, फिरवून आणा. मागची खिडकी उघडत नाही, मुलांना गाडी लागते, उतरायला मधले आसन दुमडावे लागते, हे त्या अर्ध्या तासात जेवढे कळेल तेवढे माहितीपत्रकात कळणार नाही. शिवाय वर्कशॉप बालाघाटात आहे की गोंदियाला जावे लागेल, ते पाहा. कंपनी मोठी म्हणून ती टिकते असे नाही. शेवरलेटने २०१७ मध्ये आपल्याकडची विक्री थांबवली, दॅटसन २०२२ मध्ये गेली, आणि टवेरा व गो-प्लसवाले सुट्या भागांसाठी फिरत राहिले.

राहिली जुनी ईको. दुकानासाठी ती घ्यायचीच असेल तर सीमाभागातल्या वाचकांना माहीत असलेला घोळ तिथेही आहे. केए-२२ आणि एमएच-०९ मध्ये आपण जे सोसतो तेच एमएच-३५ आणि एमपी-५० मध्ये. गोंदियाच्या आरटीओची ना-हरकत घ्यावी लागते, मध्य प्रदेशचा कर पुन्हा भरावा लागतो, आणि बारा महिन्यांपलीकडे जुन्या पाटीवर गाडी ठेवता येत नाही. स्वस्त गाडीच्या किमतीत ही रक्कम आधीच मिळवून पाहावी. सरकत्या दाराच्या रुळाखाली गंज आहे का, ते हाताने चाचपावे. गॅसची टाकी बसवली असेल तर तिची नोंद आरसी पुस्तकात आहे का आणि तिची दर तीन वर्षांची दाबचाचणी कधी झाली, याचा कागद मागावा. मामांनी तो मागितला. विकणारा म्हणाला, उद्या देतो.