विश्लेषण : प्रेम, संशय आणि खून… खऱ्या गुन्ह्यावर थरारपट काढायला परवानगी कुणाची लागते?

लपवलेले प्रेमसंबंध, संशय, एक खून आणि शेवटी न्यायालय. ओटीटीवरील थरारक मालिकांचा हा हमखास चालणारा मसाला. त्यात सुरुवातीलाच ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी झळकली, की प्रेक्षक आणखी सरसावून बसतो. पण ज्या घरात ती घटना खरोखर घडली, त्या घरातील माणसांना विचारणे बंधनकारक असते का? गेलेल्या माणसाची बदनामी झाली तर दाद कुणी मागायची? आणि खटला सुरू असतानाच मालिका आली तर? मुंबईतील १९५९ च्या नानावटी प्रकरणापासून अलीकडच्या न्यायालयीन निकालांपर्यंत या प्रश्नांचा हा आढावा.

नानावटी प्रकरण काय होते?

नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा या व्यावसायिकाची त्यांच्या राहत्या घरी गोळ्या झाडून हत्या केली. नानावटींच्या पत्नीचे आहुजांशी प्रेमसंबंध होते आणि त्याच दिवशी दुपारी तिने पतीला त्याची कबुली दिली होती. गोळीबारानंतर नानावटी स्वतःहून पोलिसांत हजर झाले.

सत्र न्यायालयात ज्युरीने ८ विरुद्ध १ अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना हा कौल पटला नाही. त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने मार्च १९६० मध्ये नानावटींना खुनाबद्दल दोषी धरून जन्मठेप सुनावली आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. १९६४ मध्ये तत्कालीन राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. पुढे नानावटी कुटुंबासह कॅनडात गेले.

या खटल्यानंतर भारतातील ज्युरी पद्धत बंद झाली, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. विधी आयोगाने ज्युरी रद्द करण्याची शिफारस १९५८ मध्येच, म्हणजे गोळीबाराच्या आधी केली होती. देशातील हा शेवटचा ज्युरी खटलाही नव्हता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला स्थान उरले नाही. मात्र ‘एका खटल्याने कायदाच बदलला’ ही गोष्ट सांगायला अधिक चटपटीत असल्याने तीच रूढ झाली.

खटल्याची गोष्ट कशी झाली?

गोष्ट रचायला सुरुवात खटला चालू असतानाच झाली होती. रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे लावून धरली. २५ पैशांचा अंक २ रुपयांना विकला गेल्याचे किस्से आजही सांगितले जातात. शूर, देखणा, फसवला गेलेला नौदल अधिकारी एका बाजूला आणि श्रीमंत, रंगेल व्यापारी दुसऱ्या बाजूला, असे चित्र रस्त्यारस्त्यावर पोहोचले होते.

त्यानंतर पडद्याने आणि पुस्तकांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. १९६३ मध्ये सुनील दत्त आणि लीला नायडू यांचा ‘ये रास्ते हैं प्यार के’ आला. गुलजार यांच्या १९७३ च्या ‘अचानक’मध्येही याच प्रकरणाची छाया होती. मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकर यांचे ‘अपराध मीच केला’ हे नाटक गाजले. सलमान रश्दी यांच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ या कादंबरीत कमांडर साबरमती या नावाने हेच कथानक डोकावते. २०१६ मध्ये अक्षय कुमारचा ‘रुस्तम’ आणि २०१९ मध्ये ‘द व्हर्डिक्ट : स्टेट व्हर्सेस नानावटी’ ही वेब मालिका आली. एकाच हत्येवर सहा दशके कथा निघत राहिल्याचे असे उदाहरण विरळाच.

न्यायालयाने काय पाहिले, पडद्याने काय दाखवले?

नानावटींच्या बचावात दोन मुद्दे होते. एक, झटापटीत गोळी सुटली. दुसरा, गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे भान सुटले. दुसरा मुद्दा मान्य झाला असता, तर गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा ठरला असता. सर्वोच्च न्यायालयाने या ठिकाणी घड्याळ पाहिले. नानावटी दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाले. गोळीबार झाला ४ वाजून २० मिनिटांनी. मधल्या जवळपास तीन तासांत त्यांनी पत्नी आणि मुलांना सिनेमागृहावर सोडले. जहाजावर जाऊन, आपल्याला रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचे आहे असे सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. आहुजांच्या कार्यालयात जाऊन चौकशी केली आणि ते तिथे नाहीत म्हटल्यावर त्यांचे घर गाठले. राग शांत व्हायला एवढा वेळ पुरेसा होता, असे न्यायालयाने म्हटले. झटापटीचा दावाही टिकला नाही. नुकत्याच आंघोळ केलेल्या आहुजांच्या अंगावरचा टॉवेल जागचा हललेला नव्हता, ही बाब त्यात महत्त्वाची ठरली.

थरारपटाला हे तीन तास अडचणीचे असतात. संतापाच्या एका क्षणात झालेला गुन्हा प्रेक्षक समजून घेतो. वेळ काढून, बहाणा करून, शस्त्र मिळवून केलेला गुन्हा समजून घेणे अवघड जाते. मग कथाकार नायकाच्या पदरात जास्तीचे कारण टाकतो. ‘रुस्तम’मध्ये नौदलातील भ्रष्टाचाराचे उपकथानक आले, नायक देशभक्त ठरला, मारला गेलेला माणूस कारस्थानी ठरला आणि ज्युरीच्या निकालावर नायक सुटला. पुढे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले, तो भाग अशा मांडणीत अडगळीत जातो. चित्रपटातली नावे काल्पनिक असली, तरी नानावटी प्रकरण म्हणून अनेकांच्या लक्षात आज चित्रपटाचाच शेवट आहे.

खऱ्या घटनेवर मालिका काढायला परवानगी लागते का?

सर्वसाधारण उत्तर ‘नाही’ असे आहे. याबाबतचा महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात दिला. फाशीची शिक्षा झालेल्या ‘ऑटो शंकर’ याचे आत्मचरित्र छापण्यापासून एका तमिळ नियतकालिकाला रोखता येईल का, असा तो वाद होता. खटल्याच्या कागदपत्रांसह सार्वजनिक दप्तरात जे नोंदलेले आहे, त्यावर संमतीशिवायही लिहिता येते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. सरकारी अधिकाऱ्यांना आपली बदनामी होईल या भीतीने प्रकाशन आधीच रोखता येत नाही, असेही सांगितले.

मात्र या मोकळिकीला कुंपण आहे. सार्वजनिक दप्तरापलीकडे जाऊन एखाद्या हयात व्यक्तीचे लग्न, कुटुंब, नातेसंबंध यांबद्दल संमतीशिवाय लिहिले, तर खासगीपणाचा भंग ठरू शकतो आणि नुकसानभरपाई मागितली जाऊ शकते. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरल्यानंतर हा मुद्दा आणखी बळकट झाला. म्हणजे आरोपपत्रात, साक्षीत, निकालपत्रात आलेले प्रेमसंबंध दाखवता येतात. बंद दाराआडचे संवाद मात्र लेखकाने रचलेले असतात. खरा कायदेशीर धोका तिथे सुरू होतो.

मृत व्यक्तीच्या हक्कांचे काय?

सर्वांत कमकुवत बाजू हीच आहे. खासगीपणाचा हक्क व्यक्तीसोबत संपतो, तो वारसांकडे जात नाही, अशी भूमिका न्यायालयांनी घेतलेली दिसते. अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या आयुष्यावर बेतलेल्या चित्रपटाविरोधात त्याच्या वडिलांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली होती. जुलै २०२३ मध्ये न्यायालयाने दिलासा नाकारला. चित्रपट आधीच प्रसिद्ध झालेल्या माहितीवर आधारित आहे आणि मृत व्यक्तीचे हे हक्क तिच्यासोबत संपले, असा त्या आदेशाचा रोख होता.

नातेवाइकांसाठी एक मार्ग मात्र उघडा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार, हयात असती तर जिच्या लौकिकाला बाधा आली असती अशा मृत व्यक्तीवर, तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला आरोप ही बदनामी ठरू शकते. पण हेतू सिद्ध करायचा आणि तोही मोठ्या निर्मितीसंस्थेविरोधात, हे सामान्य कुटुंबाला सोपे नसते.

लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात कायदा अधिक कडक आहे. संहितेच्या कलम ७२ नुसार पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. पीडिता हयात नसली तरी तिचे नाव उघड करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात बजावले.

खटला सुरू असेल तर?

आरोपीला निष्पक्ष खटल्याचा हक्क आहे. त्यामुळे सुरू असलेल्या खटल्यात न्यायालय प्रदर्शन पुढे ढकलू शकते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरील अनुराग कश्यप यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ याच कारणाने रखडला. टाडा न्यायालयाचे निकाल लागल्यानंतर फेब्रुवारी २००७ मध्ये तो प्रदर्शित झाला. मात्र अशी स्थगिती सहज मिळत नाही. २०१२ मध्ये सहारा विरुद्ध सेबी प्रकरणात घटनापीठाने तिची कसोटी घालून दिली. खटल्याला खरा आणि भरीव धोका असला पाहिजे, अन्य उपाय अपुरा असला पाहिजे आणि स्थगिती मर्यादित काळापुरतीच असली पाहिजे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शीना बोरा हत्या प्रकरणातील आरोपी इंद्राणी मुखर्जी यांच्यावरील नेटफ्लिक्सच्या माहितीपट मालिकेला सीबीआयने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. खटला सुरू आहे आणि साक्षीदारांवर परिणाम होईल, असे तपास यंत्रणेचे म्हणणे होते. मालिका पाहिल्यानंतर खंडपीठाला त्यात खटल्याला बाधक असे काही आढळले नाही आणि प्रदर्शनाचा मार्ग मोकळा झाला.

नावे बदलली की सुटका होते?

नाही. ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही पाटी म्हणजे कवचकुंडले नव्हेत. नाव, शहर, व्यवसाय बदलूनही ओळखीच्या लोकांना ती व्यक्ती कोण हे कळत असेल, तर बदनामीचा दावा उभा राहू शकतो. उलट ‘सत्य घटनेवर आधारित’ असे म्हणणेही जोखमीचे आहे, कारण त्यातून प्रत्येक प्रसंग खराच आहे असा प्रेक्षकाचा समज होतो. म्हणूनच ‘सत्य घटनांपासून प्रेरित’ असा सैल शब्दप्रयोग निर्मात्यांना सोयीचा वाटतो.

चित्रपटगृहात येणाऱ्या चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ओटीटीला ते लागत नाही. तिथे २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू होतात. वयोगटानुसार वर्गीकरण आणि तक्रार निवारणाची तीन पातळ्यांची रचना त्यात आहे. प्रेक्षकाला थेट मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्यावर १५ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. पण ही सगळी व्यवस्था मालिका लोकांपुढे आल्यानंतरची आहे.

मग पोकळी कुठे राहते?

कायदा खटल्याला जपतो, हयात माणसाच्या खासगीपणाला जपतो, लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख जपतो. खून झालेल्या माणसाची आठवण मात्र बहुतांशी कथाकाराच्या भरवशावर सोडतो. प्रेमातून घडलेल्या गुन्ह्याच्या कथेत हे अधिक खुपते. प्रेमकथेला शोकान्त आणि मारेकऱ्याला सहानुभूती हवी असेल, तर खुनाला कारण लागते आणि ते बहुतेक वेळा मृताच्या चारित्र्यात शोधले जाते. मारेकरी पुढे मुलाखत देऊ शकतो, आत्मचरित्र लिहू शकतो. मृताला ती सोय नसते.

निकाल लागलेल्या जुन्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाची निकालपत्रे संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. नानावटी प्रकरणाचा निकालही त्यात आहे. ‘सत्य घटनेवर आधारित’ मालिका संपल्यावर, तिचा शेवट आणि न्यायालयाचा शेवट एकच आहे का, एवढे जरी तपासले, तरी कथेने कुणाचे किती तास गाळले, ते प्रेक्षकाला स्वतःच कळू शकते.