बैठकीला आई का येत नाही?



कोणत्याही वस्तीतल्या मंडळाचा वार्षिक अहवाल काढून बघा. जयंती उत्साहात साजरी झाली, वर्षावासात ग्रंथवाचन झाले, गुणवंत विद्यार्थ्यांना वह्या वाटल्या, आणि शेवटी एक ठरलेले वाक्य असते, "महिलांची उपस्थिती अपेक्षेपेक्षा कमी होती." मग एखादे वक्ते उठतात आणि म्हणतात, "आमच्या महिलांना समाजकार्याची आवडच राहिली नाही. मालिका आणि मोबाईल यातच त्या गुंतल्या आहेत." टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत बायांचे हात कमीच असतात, कारण त्या वेळी बहुतेक जणी घरी पोळ्या लाटत असतात.

मी नोकरीने कारकून. जमाखर्च लिहिणे हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे आवड आहे की नाही हे बोलण्याआधी वेळेचा हिशेब मांडावा असे मला वाटते. आमच्या वस्तीत पहाटे पाचला नळाला पाणी येते. म्हणून आई पावणेपाचला उठते. पिंप, कळशा, बादल्या भरून होतात तोवर गॅसवर चहा उतू जायला आलेला असतो. मग डबे, सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी, धाकटीची वेणी, थोरल्याचे न सापडणारे मोजे. नोकरीवाली असेल तर साडेसातची गाडी, आणि चार घरची धुणीभांडी करणारी असेल तर त्याच वेळेला पहिले घर. संध्याकाळी भाजी, रेशन, गृहपाठ, स्वयंपाक. रात्री ओटा पुसून होईपर्यंत अकरा वाजलेले असतात. रविवारी सुट्टी ऑफिसला असते, घराला नसते. आठवड्याचे धुणे, दळण, पाहुणे आणि मटण, सगळे रविवारीच येते. आणि मंडळाची बैठक कधी ठेवलेली असते? रविवारी सकाळी अकरा वाजता!

हा काही एकट्या आमच्या वस्तीचा हिशेब नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली देशभर पाहणी केली, की माणसांचा दिवस कशात जातो. २०१९ साली घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी २९९ मिनिटे निघाली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ साली स्त्रियांची २८९ आणि पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईचे काम दहा मिनिटांनी हलके झाले, तर पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे काढून घेतली! आणि ही सरासरी फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची आहे. २०१९ च्या पाहणीत असे पुरुष शंभरात सव्वीसच होते, स्त्रिया मात्र एक्क्याऐंशी. घरकामाची ही मिनिटे कोणाच्या पगारपत्रकात चढत नाहीत. बैठकीचा वेळ यातूनच काढायचा असतो.

आमच्याच वस्तीतले एक उदाहरण सांगते. नाव सांगत नाही, कारण अशी सून तुमच्याही आळीत असेल. पदवीधर, कॉम्प्युटर शिकलेली, बोलायला धीट. लग्न होऊन आली त्या वर्षी जयंतीला दहाच मिनिटे बोलली, पण म्हाताऱ्या बायांनी तिची अलाबला घेतली. विहारात बसून ती मुलांचे शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायची. उत्पन्नाचा दाखला कुठला, जातीचे प्रमाणपत्र कसे जोडायचे, बँकेचे खाते आधारला जोडलेले आहे की नाही, हे सगळे तिला तोंडपाठ. दुसरे मूल झाले आणि तिचे येणे थांबले. कोणी भांडले नाही, कोणी तिला मनाई केली नाही. फक्त मुलाला घ्यायला कोणी नव्हते.

तिचे यजमान मोठे कार्यकर्ते. हिंदू कोड बिलावर त्यांचे भाषण ऐकावे. स्त्रियांच्या हक्काचे ते बिल रखडवले गेले, आणि १९५१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले त्यामागे ते एक मोठे कारण होते, हे सांगताना त्यांचा गळा दाटून येतो. खोटे नाही ते, मनापासूनच बोलतात. पण त्याच दिवशी घरी तीस माणसांचा चहा त्यांची बायको कडेवर पोर घेऊन करत असते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

आता नुकसान कोणाचे झाले ते बघा. त्या वर्षी आमच्या वस्तीतल्या तीन मुलांचे अर्ज मुदतीत गेले नाहीत. त्यातली एक नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. फी भरायला तिच्या आईने कानातले गहाण टाकले. एका घरात मूल सांभाळायला कोणी उभे राहिले नाही, त्याची किंमत दुसऱ्या घरातल्या आईने मोजली. म्हणून मी म्हणते, घरकामाची वाटणी हा नवरा-बायकोचा खाजगी प्रश्न नाही, तो मंडळाचा प्रश्न आहे.

ही काही माझ्या पदरची गोष्ट नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यातील कामगार स्त्रियांना बाळंतपणाची सवलत देणारे विधेयक चर्चेला आले होते, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे सगळ्या समाजाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्या वर्षी, १९२९ साली, तो कायदा झाला. आई होणे ही त्या बाईची एकटीची बाब नाही, हे त्यांनी इतक्या वर्षांपूर्वी सांगितले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बाया आल्या होत्या. त्यांनी तिथे गिरण्यांत, विड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांसाठी पगारी रजा आणि निवृत्तिवेतन मागितले. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले, की पत्नीने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, बरोबरीने वागावे, गुलाम होऊ नये. या बाया वेळ मागत होत्या, विसावा मागत होत्या. आपण मात्र आपल्याच मंडळात तो मागायला लाजतो.

कायदा पुढे पुष्कळ सरकला. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी रजा आली. पन्नास किंवा जास्त माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर हवे, असेही ठरले. पण घरोघरी भांडी घासणारीला, नाक्यावर उभी राहणारीला ही रजा कोण देणार? आणि सव्वीस आठवडे संपल्यावर सत्ताविसाव्या आठवड्यात मूल काही मोठे होत नाही. तिथे कायदा पुरत नाही. तिथे शेजार लागतो, घरचा माणूस लागतो.

आपल्याकडे एक सोपा उपाय करतात. दरवर्षी ७ फेब्रुवारीला रमाईंच्या जयंतीला चार बायांना स्टेजवर बोलावतात, साडी देतात आणि त्यांच्या त्यागाचे कौतुक करतात. कौतुक कोणाला नको? पण कौतुकाने भांडी घासून होत नाहीत. रमाईंच्या पाच मुलांपैकी एकटे यशवंतराव वाचले. त्या माऊलीने जे सोसले ते गरिबीने सोसायला लावले. तिने सोसले म्हणून सुनेनेही सोसावे, असा त्याचा अर्थ काढू नये. पुन्हा कोणा आईवर तशी पाळी येऊ नये म्हणून झटणे, हेच रमाईंना खरे अभिवादन आहे.

मग आम्ही काय केले ते सांगते, फार मोठे नाही. महिला मंडळाच्या सातच जणी उरल्या होत्या. आम्ही घरोघर गेलो आणि "का येत नाही?" असे विचारले नाही. "कोणत्या वेळी येता येईल?" एवढेच विचारले. बहुतेकींनी रविवारी दुपारी चार ते पाच सांगितले. धुणीभांडी करणाऱ्या चौघींना रविवारी सुट्टीच नव्हती, म्हणून महिन्यातली एक बैठक रात्री साडेआठला ठेवली. बैठक एक तासाची, घड्याळ लावून. विहाराच्या मागच्या खोलीत सतरंजी टाकली, पाट्या आणि रंग ठेवले. तिथे मुले सांभाळायला दर वेळी दोन बाप बसतील अशी यादी लिहून दारावर चिकटवली. चहा पुरुषांनी करायचा. आणि बैठकीच्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक घरातल्या मुलांनी आणि पुरुषांनी बघायचा, नुसती खिचडी झाली तरी चालेल.

विरोध झालाच. एक सासूबाई म्हणाल्या, "आम्ही नाही का पोरं पाठीशी बांधून मोर्च्याला गेलो? आताच्या पोरींना सगळं आयतं हवं." तेव्हा त्यांच्याच वयाच्या एक मावशी उठल्या. म्हणाल्या, "गेलो गं बाई. पण किती जणी गेलो? जिचं पोर घ्यायला घरी कोणी होतं, तीच ना? बाकीच्या दारात उभ्या राहून बघत होत्या, ते विसरलीस का?" त्यावर कोणी काही बोलले नाही. यादीतल्या एका गृहस्थांनी पहिल्या दोन पाळ्या चुकवल्या. तिसऱ्या वेळी त्यांच्या आईनेच त्यांना हाताला धरून आणले. माझा मुलगा दहावीत आहे. त्याच्या पोळीला भारताच्या नकाशाचा आकार येतो, पण ती पोटात जाते. माझे मिस्टर कुकरच्या शिट्ट्या बोटांवर मोजतात. चालायचेच, हात बसायला वेळ लागतो.

सहा महिन्यांत सातच्या सोळा जणी झालो. ती सून परत येऊ लागली. मागच्या खोलीतल्या यादीत तिच्या यजमानांचेही नाव आहे आणि ते बसतात, हे मुद्दाम लिहिते. यंदा तिने आणि तिच्या हाताखाली शिकलेल्या दोन मुलींनी मिळून वस्तीतल्या सगळ्या मुलांचे अर्ज मुदतीच्या आठ दिवस आधी भरले. त्या नर्सिंगच्या मुलीचाही भरला. तिच्या आईचे कानातले मात्र अजून सोडवायचे राहिले आहेत. त्यासाठी मंडळ दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकत आहे.

भगिनींनो, आणि हे पान वाचणाऱ्या बंधूंनोही, तुमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. बैठकीची वेळ कोणाला विचारून ठरवली? या वेळी मुले कोणाजवळ आहेत? आणि आज चहा कोणी केला? उत्तरे वहीत लिहून ठेवा, तारीख घालून. वर्षअखेरीस अहवालात "महिलांची उपस्थिती कमी होती" असे लिहायची वेळ आलीच, तर त्याच्याखाली ही तीन उत्तरेही जोडा. म्हणजे आवड कोणाची कमी पडली ते सगळ्यांना कळेल.

जयभीम.