कामगाराचे समाधान आणि कामगाराची भाषा

‘कर्मचाऱ्यांचे समाधान’ हा अलीकडे उद्योगजगतातील आवडता विषय झाला आहे. वाढदिवसाचा केक, महिन्यातून एकदा खेळांचा तास, योगवर्ग, भिंतीवर प्रेरक वचने असे नाना उपाय योजले जातात. वर्षाकाठी एक प्रश्नावली फिरते आणि ‘आपण या संस्थेत किती समाधानी आहात?’ या प्रश्नापुढे एक ते पाच यांपैकी एका आकड्यावर खूण करावयाची असते. ही प्रश्नावली बहुधा इंग्रजीत असते. खूण करणाऱ्याला प्रश्न समजला होता काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. शेजारच्याने जेथे खूण केली तेथेच आपणही करावी, हा शहाणपणा कामगाराला अनुभवाने आलेला असतो. मग अहवालात समाधानाची टक्केवारी उत्तम दिसते.

आमच्या मते समाधानाची खरी परीक्षा निराळी आहे. आपल्या पगारातून अमुक रक्कम का कापली, हे कामगाराला वाचून कळते काय? अन्याय झाला तर तो आपल्या शब्दांत, दुभाष्याच्या मिनतवाऱ्या न करता, सांगता येतो काय? या दोन प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ अशी असतील, तर केकचा तुकडा कितीही गोड असला तरी त्या माणसाला ती जागा आपली वाटणार नाही.

ही काही नवी मागणी नव्हे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने कायद्याचा गोषवारा इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांच्या भाषेत लावण्याचे बंधन घातले. १९४६ च्या औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) अधिनियमाने रजा, पाळ्या, शिस्तभंग, बडतर्फी यांविषयीचे स्थायी आदेश बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावावयास सांगितले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ मध्येही हेच तत्त्व होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या तरतुदींत ‘राज्याची राजभाषा’ असे शब्द नव्हते. ‘बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा’ असे होते. कायदेकर्त्यांनी भाषेचा विचार प्रांताच्या सीमेवरून न करता यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसावरून केला होता. उपाहारगृह, विश्रांतीची खोली, पाळणाघर हे जसे कामगारकल्याणाचे भाग, तसाच समजणारा सूचनाफलक हाही एक भाग होय.

सीमाभागात या तत्त्वाची कसोटी रोज लागते. बेळगावचे उद्यमबाग ओतकामाच्या भट्ट्यांसाठी आणि यंत्रभागांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे आसपासच्या गावांतील मराठी आणि कन्नड भाषक खांद्याला खांदा लावून काम करतात. वितळलेल्या लोखंडापाशी उभ्या असलेल्या माणसाला धोक्याची सूचना क्षणात उमगली पाहिजे. तेथे अक्षरे जुळवीत बसण्यास सवड नसते. जे सुरक्षिततेचे, तेच न्यायाचे. ‘कारणे दाखवा’ नोटीस न कळणाऱ्या भाषेत हाती पडली, तर कामगार उत्तर तरी काय देणार? तो एक तर घाबरून सही करतो, नाही तर कोणा जाणकाराकडून उत्तर लिहून घेतो आणि त्यात आपली बाजू खरोखर आली आहे की नाही, हे त्यालाच ठाऊक नसते. बाजू मांडण्याची संधी हा नैसर्गिक न्यायाचा पहिला नियम आहे. न समजलेल्या आरोपाला उत्तर देण्याच्या संधीस संधी म्हणता येणार नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच जाणवते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती हवी आणि तक्रार लेखी हवी. जिला ती लिहिता येत नाही, तिला लिहिण्यासाठी वाजवी साहाय्य देणे समितीवर बंधनकारक आहे. पण समितीतील एकाही सदस्याला तिची भाषा येत नसेल, तर हे साहाय्य कागदावरच राहील. जे सांगताना मातृभाषेतही जीभ अडखळते, ते परक्या भाषेत सांगण्याचे धैर्य किती जणींना होईल?

सरकारी कार्यालयाचे दार ठोठावताना राज्यघटनेचा आधार आहे. अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. कामगार अधिकाऱ्याकडे मराठीत अर्ज देणारा बेळगाव-निपाणीचा कामगार कोणाकडे मेहेरबानी मागत नसतो. हा हक्क आपल्यापैकी फार थोडे जण बजावतात, म्हणून तो क्षीण होत चालला आहे.

यावर एक आक्षेप येतो: एका कारखान्यात चार-पाच भाषा असल्या तर मालकाने काय करावे? आक्षेप वाजवी आहे, पण अडचण दिसते तितकी मोठी नाही. प्रत्येक कागद पाच भाषांत काढा, असे कोणी म्हणत नाही. सुरक्षासूचना, पगारपत्रकाचा खुलासा, स्थायी आदेश आणि तक्रारीचा नमुना एवढे चार कागद समजणाऱ्या भाषेत असावेत, आणि तक्रार ऐकणाऱ्यांत ती भाषा जाणणारा एक तरी माणूस असावा. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराचा बहुभाषी कोश सिद्ध केला. ज्यांच्यावर कारभार चालवावयाचा त्यांना तो कळावा, ही दृष्टी असली की भाषांची संख्या आड येत नाही.

आता आपल्याच घरात डोकावू. चाकण-पुण्याच्या कारखान्यांत ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार आहेत. बेळगावातील मराठी मालकांच्या भट्ट्यांवर कन्नड आणि हिंदी भाषकही घाम गाळतात. जो न्याय आपण कर्नाटक शासनाकडे मागतो, तो आपल्या हाताखालच्या माणसाला देतो काय? कन्नड कामगाराला कन्नड पगारपत्रक देणाऱ्या मराठी कारखानदाराच्या तोंडी मराठीची मागणी शोभून दिसते. एरवी ती केवळ आपल्यापुरती मागितलेली सवलत ठरते. त्याचप्रमाणे आपल्या कामगारांनी कामापुरती कन्नड अवश्य शिकावी. शेजाऱ्याची भाषा येणे हे बळ आहे. मात्र ती येत नाही म्हणून कोणाचा पगार, पदोन्नती किंवा तक्रार अडता कामा नये.

जुन्या कामगार कायद्यांची जागा आता नव्या श्रमसंहितांनी घेतली आहे. त्यांच्या अंमलबजावणीत ‘बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा’ हे शब्द जिवंत राहतील याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात बोनसच्या शेजारी या चार कागदांनाही स्थान द्यावे. मालकांनी, ते मराठी असोत वा अन्य, समाधानाची पुढची प्रश्नावली वाटण्यापूर्वी ती कोणत्या भाषेत छापली आहे एवढे पाहावे. आणि वाचकांपैकी जे नोकरीत आहेत, त्यांनी उद्या कामावर गेल्यावर सूचनाफलकापाशी क्षणभर थांबावे. त्यावरचे आपल्या पाळीतील किती जणांना वाचता येते, हे मोजावे आणि तो आकडा संघटनेच्या पुढच्या बैठकीत मांडावा.