जूनमध्ये शाळा उघडते आणि एसटी बंद होते

"भारमान नाही."

किनाऱ्यावरची एखादी फेरी बंद झाली आणि गावकरी निवेदन घेऊन आगारात गेले, की टेबलापलीकडून हे दोन शब्द येतात. तिथेच चर्चा संपते. भारमान म्हणजे नेमकं काय, ते कसं काढतात, कुठल्या महिन्याचं काढलं, हे निवेदन देणाऱ्याला माहीत नसतं आणि समोरच्याला सांगायची गरज वाटत नाही. चहा मिळतो, निवेदनाच्या प्रतीवर शिक्का मिळतो, फोटो निघतो. गाडी तेवढी मिळत नाही.

मंडळी, आज जरा लांब लिहिणार आहे. ज्यांच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत त्यांनी इथेच सोडून दिलं तरी चालेल. मात्र तुमच्याकडे धुणंभांड्याला येणारी ताई हल्ली उशिरा का येते, याचं उत्तर खाली आहे.

मी लिहितोय ते रायगडच्या किनाऱ्याबद्दल. मांडवा, अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, काशीद, मुरूड, आणि खाडी ओलांडली की दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. कुठल्या आगाराचं नाव मुद्दाम घेत नाही. एका आगार व्यवस्थापकाला झोडपून काही होणार नाही. हातात जेवढ्या गाड्या आणि जेवढे चालक, तेवढ्यातच तो कापाकापी करतो. दापोली-गुहागरकडच्या किंवा मालवणकडच्या वाचकांनी आपल्या गावाचं नाव घालून वाचलं तरी फारसं काही बदलावं लागणार नाही.

आधी हे भारमान समजून घेऊ. समजा, समुद्राकाठच्या शेवटच्या गावातून सकाळी सात वाजता तालुक्याला जाणारी गाडी आहे. अंतर तीस किलोमीटर, सीटा ४४. पहिल्या गावात ८ माणसं बसली. दहा किलोमीटरवर ती २५ झाली. शेवटच्या दहा किलोमीटरला कॉलेजची मुलं, कोर्टकचेरीची माणसं, बाजारच्या बायका मिळून ५० झाली, म्हणजे सहा जण उभे. तुम्ही-आम्ही बघणारे म्हणू, गाडी खच्चून भरली. कागद काय म्हणतो? आठ, पंचवीस आणि पन्नास यांची सरासरी साधारण २८. म्हणजे ६३ टक्के. मग तीच गाडी सव्वाआठला परत गावाकडे निघते. त्या वेळी गावाकडे कोण जाणार? सरासरी दहा माणसं. जाऊन-येऊन हिशेब झाला ४३ टक्के!

सकाळी लोक उभ्याने गेले ती गाडी कागदावर निम्मीही भरत नाही. यात कुणाचीही लबाडी नाही, गणित बरोबर आहे. पण शेवटच्या गावाला जाणारी गाडी शेवटी रिकामी होणार आणि सकाळची गर्दी एकाच दिशेला असणार, हे कळायला कुठली समिती लागते का? नळाला पाणी सकाळी एक तास येतं, म्हणून चोवीस तासांची सरासरी काढून "पाण्याला मागणी नाही" असं कुणी म्हटलं तर आपण हसू. एसटीच्या बाबतीत मात्र मान डोलावतो.

आता आमच्या किनाऱ्याची खास भानगड. इथे हंगाम असतो. दिवाळी ते नाताळ, मग एप्रिल-मे. त्या दिवसांत मुंबई-पुण्याची माणसं येतात. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबईची मोटार आणखी लवकर पोहोचते. शनिवारी वडखळपासून रांग लागते आणि नागाव-काशीदच्या अरुंद रस्त्यांवर एसटी अडकून पडते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पर्यटक गेला. मग आगारात हंगाम संपल्याचा हिशेब होतो: "पावसाळ्यात त्या रूटला काही नसतं, दोन फेऱ्या काढा."

जूनमध्ये आणखी काय काय होतं बघा. शाळा-कॉलेजं उघडतात. गेट-वेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच आणि कॅटामरान पावसाळाभर बंद होतात. मासेमारी बंदीमुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, कोळीवाड्यातल्या बायका सुकी मासळी घेऊन लांबच्या बाजाराला जायला लागतात. भाताची लावणी, बियाणं, खत, सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडच्या खेपा. साथीच्या तापाचे पेशंट. पावसात दुचाकीवर पोराला पुढे आणि म्हाताऱ्या आईला मागे बसवून घाट उतरणं शक्य नसतं. म्हणजे ज्या महिन्यात स्थानिक माणसाला एसटी सर्वांत जास्त लागते, नेमक्या त्याच महिन्यात ती काढून घेतात, कारण बीचवर फिरायला येणारा माणूस घरी गेलेला असतो. आमच्या गावाला जाणारी गाडी आमच्यासाठी आहे, ही गोष्टच वेळापत्रक करणाऱ्याच्या डोक्यात राहिलेली नाही.

"पण प्रवासी खरंच घटलेत ना?" हो, घटलेत. ते कसे घटले हेही सांगतो, कारण आपली स्मरणशक्ती फार कमी आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं; झाडं, खांब, छपरं, सुपारीच्या बागा, सगळं आडवं. जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीत काशीदजवळचा पूल कोसळला आणि अलिबाग-मुरूड रस्ताच तुटला. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी विलीनीकरणाच्या मागणीसाठी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. (त्या संपातल्या मागण्यांबद्दल माझी मतं या पानावर तेव्हाच लिहिली आहेत, आज तो विषय नाही.) दोन वर्षांत एवढे फटके. मधल्या काळात माणसाने काय करायचं? कर्ज काढून दुचाकी घेतली. मिनीडोरवाल्याशी महिन्याचा हिशेब ठरवला. मुलीला तालुक्याच्या गावी मामाकडे ठेवली. काहींनी कॉलेजच सोडलं. त्यानंतर गाड्या सुरू झाल्या त्या पूर्वीच्या वेळेला नाहीत, पूर्वीइतक्या नाहीत, आणि आज येईल ती उद्या येईलच असंही नाही. मग म्हणायचं, लोकांना एसटी नकोच आहे.

प्रवाशाचं मन साधं असतं. गाडी रोज वेळेवर आली तर तो थांबतो. आठवड्यात दोनदा "आज कॅन्सल" ऐकलं की तिसऱ्या दिवशी तो स्टॉपवर येत नाही. तो आला नाही की भारमान उतरतं. भारमान उतरलं की आठवड्यात चारदा कॅन्सल. सहा महिन्यांनी फेरी कायमची बंद, आणि कागदावर कारण प्रवाशांचा अल्प प्रतिसाद! आधी पिकाला पाणी तोडायचं आणि मग उतारा कमी आला म्हणून जमीन नापीक ठरवायची, तसला प्रकार.

लोकांना बस नको असते हे खोटं आहे, याचा पुरावा याच तालुक्यात आहे. हंगामात गेट-वेहून मांडव्याला उतरा. लाँचच्या तिकिटातच अलिबागपर्यंतच्या बसचे पैसे धरलेले असतात. बोट लागली की बस उभी, बोटीतली माणसं बसमध्ये, बस अलिबागला. फ्लॅटवाला, बॅगवाला, पहिल्यांदा आलेला कॉलेजचा ग्रुप, सगळे निमूट बसतात, कुणी नाक मुरडत नाही. वेळेला वेळ जोडली की झालं. पण अलिबागच्या स्टँडवर उतरल्यावर पुढे रेवदंडा-मुरूडकडे जायचं म्हणजे चौकशीच्या खिडकीपाशी उभं राहून नशिबाची वाट बघायची. हाच पर्यटक पुढच्या वेळी मोटार घेऊन येतो, आणि त्या मोटारीमुळे कोंडी झाली म्हणून आपण त्यालाच शिव्या घालतो.

दुसरा पुरावा राज्यभराचा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं. पंचाहत्तरीपुढच्यांना त्याच्या आदल्या वर्षीच प्रवास मोफत झाला होता. त्यानंतर एसटीत गर्दी वाढली की नाही? वाढली. स्टँडवर बायकांची गर्दी दिसते म्हणून टिंगल करणारे व्हिडिओ तुम्हीच मला पाठवले होते.

आता या सवलतींची दुसरी बाजू. अहिल्याबाई होळकर योजनेत शाळेत जाणाऱ्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. चांगली योजना, कौतुकच आहे. बाकी विद्यार्थ्यांना पासात दोन तृतीयांश सवलत, तीही चांगली. पण आमच्याकडे सायंकाळी पाचची गाडी निघून गेल्यावर पुढची सव्वासातची, आणि तीही महिन्यात कितीदा येईल याचा भरवसा नाही. अकरावीतली एक मुलगी मला म्हणाली, "काका, पास फुकट आहे, पण मिनीडोरला रोजचे पैसे जातात." तिच्या बापाने मग काय करायचं? पासाचं लॅमिनेशन करून भिंतीवर लावायचं?

गाड्या कमी आहेत, हे मान्य. एकेकाळी अठरा हजारांच्या घरात असलेला एसटीचा ताफा आता पंधरा हजारांच्या आसपास आलाय, त्यातल्या कित्येक गाड्या कधीच भंगारात जायला हव्या होत्या. ५१५० विजेवरच्या गाड्या येणार म्हणून करार झाला; पुरवठा इतका रखडला की २०२५ मध्ये खुद्द परिवहन मंत्र्यांना करार रद्द करण्याचे आदेश द्यावे लागले. संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेलाय. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली. वर तिकिटामागे साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकार घेतंच. म्हणजे एका हाताने सवलतीची भरपाई द्यायची, दुसऱ्या हाताने कर काढून घ्यायचा, आणि महामंडळ तोट्यात का म्हणून श्वेतपत्रिका काढायची.

तरी माझा प्रश्न उरतोच. गाड्या कमी असतील तर टंचाई नेहमी त्याच गावांच्या वाट्याला का? गणपतीत कोकणासाठी जादा गाड्या सुटतात, २०२५ ला पाच हजारांची घोषणा होती. सुटायलाच हव्यात, चाकरमान्याचा हक्क आहे तो. पण त्या गाड्या कारखान्यातून नव्या येत नाहीत, कुठल्या तरी आगारातल्या रोजच्या फेऱ्या मोडूनच येतात. मंत्र्यांचा कार्यक्रम, पक्षाची सभा, लग्नाचं वऱ्हाड, यांना प्रासंगिक करारावर गाडी मिळते. किलोमीटरमागे चांगले पैसे मिळतात, आगाराचा आकडा सुधारतो. त्या दिवशी ज्या गावची फेरी रद्द झाली, त्या गावचा म्हातारा डायलिसिसची तारीख चुकवतो. त्याचा आकडा कुठल्याच रकान्यात येत नाही.

आणि पैसा नाही म्हणणाऱ्यांनी जरा रस्त्याकडे बघावं. रेवस-रेड्डी सागरी महामार्ग, अंतुल्यांच्या काळापासूनचं स्वप्न, आता खाड्यांवर मोठमोठे पूल मंजूर झालेत, काही ठिकाणी कामं सुरू आहेत. व्हावेत, चांगलंच आहे. पण त्या पुलावरून आमच्या गावची एसटी जाणार आहे का, की पनवेलच्या मोटारींसाठी आम्ही जमिनी दिल्या? पुलाच्या अंदाजपत्रकात गाडीची एक फेरी मावत नाही, असं मला तरी वाटत नाही. जिल्हा नियोजनाच्या निधीतून समुद्रकिनाऱ्यावर सेल्फी पॉइंट होतात, कमानी होतात, बाकडी होतात. त्याच निधीतून पावसाळ्याच्या चार महिन्यांची तूट भरून दोन फेऱ्या राखता येणार नाहीत? किनाऱ्यावर पार्किंगची पावती फाडणाऱ्या ग्रामपंचायतींनीही विचार करावा. शनिवारच्या मोटारीकडून घेतलेल्या पैशातला थोडा वाटा सोमवारच्या एसटीला गेला तर काय बिघडेल?

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक गावाची सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची गाडी भारमानाच्या हिशेबातून बाहेर काढा. ती चाळीस टक्के भरो की वीस. उन्हाळ्याचं आणि पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं करा, पण पावसाळ्याचं शाळेची घंटा बघून करा. फेरी बंद करायची असेल तर आधी त्या फेरीचं महिनावार भारमान ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, जाताना वेगळं, येताना वेगळं. ग्रामसभेत माणूस पाठवा. आणि गाडी रद्द झाली तर ती का रद्द झाली, चालक नव्हता, गाडी बिघडली की सभेला गेली, हे स्टँडच्या फळ्यावर खडूने लिहा. खडूला निधी लागत नाही.

चालक-वाहकांवर चिडू नका, ही एक विनंती. स्टॉपवरच्या शिव्या त्यांनाच खाव्या लागतात आणि डबल ड्युटीही तेच करतात. गेल्या पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आलं तेव्हा एका चालकाने शाळेच्या मुलांना अर्ध्या वाटेत न उतरवता गाडी दीड तास उंचवट्यावर उभी ठेवली होती. त्या गाडीचं त्या दिवशीचं उत्पन्न नक्कीच खराब आलं असणार.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतल्या रद्द फेऱ्या आणि त्याच तारखांचे प्रासंगिक करार, दोन्हीची माहिती मागणारा अर्ज मी माहिती अधिकारात दिला आहे. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकीन. तोवर तुमच्याकडून एक मदत हवी. तुमच्या गावची गाडी ज्या दिवशी आली नाही, त्या दिवशी तारीख, गाडीची वेळ आणि स्टॉपवर किती माणसं थांबली होती एवढं खाली लिहा. भावना नकोत, आकडे लिहा. फोटो टाकणार असाल तर मुलींचे चेहरे दाखवू नका, आणि स्टँडवरचा वेळापत्रकाचा बोर्ड वाचता येईल असा काढा.