उडत्या फौजेचा पुरस्कार

बलोपासनेचा संस्कार कोल्हापूरच्या अंगी इतका मुरलेला आहे की, येथला तरुण ‘मॅजिक : द गॅदरिंग’सारखा पत्त्यांचा खेळ मांडून बसला, तरी त्याचा हात प्रथम जातो तो सर्वांत धिप्पाड क्रीचरकडे, म्हणजे लढणाऱ्या प्राण्याच्या पत्त्याकडे. १९९३ साली रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाच्या प्रतिभेतून जन्मलेल्या या खेळात प्रत्येकाने आपल्या संग्रहातून किमान ६० पत्त्यांचा डेक स्वतः रचावयाचा आणि प्रतिपक्षाचे २० जीवनांक शून्यावर आणावयाचे असतात. त्यासाठी महाकाय पत्त्यांमागे न धावता लहान, उडत्या क्रीचरांची आक्रमक फौज उभारावी, असे माझे निश्चित मत आहे.

उडत्या क्रीचरला अडवावयाचे, तर समोरच्याजवळही उडता अथवा ‘रीच’ ही शक्ती असलेला क्रीचर लागतो. भूचर राक्षस कितीही बलाढ्य असला, तरी डोक्यावरून जाणाऱ्या ससाण्यापुढे त्याचा निरुपाय होतो. दोन बळाच्या अशा तिघांनी मिळून चाल केली की एका हल्ल्यात ६ जीवनांक जातात व चौथ्या हल्ल्यात डाव संपतो. पाठीशी ‘फेवरेबल विंड्स’ हा दोन मानांचा (माना म्हणजे पत्ता उतरविण्याचे मोल) पत्ता असला, तर प्रत्येकाचे बळ एकाने वाढून तीच कामगिरी तिसऱ्या हल्ल्यात फत्ते होते. अर्थात तो राक्षसही आपल्यावर चालून येतच असतो, म्हणून एक-दोन मानांत उतरणाऱ्या शिलेदारांचाच भरणा करावा आणि तीन मानांहून महाग पत्त्याची डेकमध्ये भरती करण्यापूर्वी कसून झडती घ्यावी.

या आक्रमणाला उतावीळपणा म्हणणाऱ्यांनी त्यातला जमाखर्च पाहिलेला नसतो. माना पुरविणाऱ्या लँड कमी घेतल्या तर फौज हातातच अडकते, अधिक घेतल्या तर धार जाते. माझ्या मते साठांत २२ हा मेळ हलक्या डेकला मानवतो. शिवाय एकाच पत्त्याने सारे मैदान साफ करणारा प्रतिस्पर्धी गाठ पडतोच, तेव्हा जिंकण्यास पुरेसे बळ मांडून झाल्यावर एक-दोन क्रीचर हातात राखून ठेवण्याचा संयम अंगी बाणवावा लागतो.

आकारावर मात करणारी अशी मूर्तिमंत चपळाई कोल्हापूरने पूर्वीच पाहिलेली आहे. राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकावले ते बँटमवेट या हलक्या गटात; देहाच्या आकारमानावर त्यांची कुस्ती कधीच अवलंबून नव्हती.

या खेळातील लहान उडते क्रीचर बहुतांशी ‘कॉमन’, म्हणजे सहज मिळणाऱ्या पत्त्यांच्या वर्गात मोडतात व अल्प किमतीत मिळतात. केवळ त्याच वर्गाच्या पत्त्यांवर खेळल्या जाणाऱ्या ‘पॉपर’ प्रकाराला २०१९ पासून अधिकृत मान्यताही आहे. म्हणून पालकांनी मुलाच्या हातात दुर्मीळ पत्ता ठेवण्याऐवजी त्याला स्वस्त पत्त्यांतून निवड करू द्यावी, आणि १८५० पासून ज्ञानाची पाणपोई चालविणाऱ्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या संस्थांनी आठवड्यातील एका सायंकाळी या मुलांसाठी चार मेजांची तजवीज करावी. प्रारंभ पांढऱ्या व निळ्या रंगांनी करावा. उडते क्रीचर त्यांतच विपुल आहेत.